चमक भरली म्हणून पाठ चोळू नका

संपादक महोदय,

मार लागलेला नसतो, ओझे उचललेले नसते. एखाद्या शिंकेचे किंवा शौचाला कुंथण्याचे निमित्त होते आणि मानेखाली, दोन खवाट्यांच्या मध्ये असह्य कळ येते. घरातले म्हणतात, उसण भरली. तेल लावून चोळतात, शेकतात, जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन आणतात. तोवर पायांना मुंग्या येतात, मग पाय उचलत नाहीत, मग लघवी तुंबते. मज्जारज्जूभोवती आपोआप झालेल्या रक्तस्रावात हातचे तास असे निघून जातात. आजार दुर्मीळ आहे, वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होतो. पण रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या घरी तरी तो ठाऊक असायलाच हवा.

रज्जूच्या आवरणाबाहेर नीलांचे जाळे असते. त्यांना झडपा नसल्याने पोटातला दाब थेट तिथवर पोचतो. नीला फुटली की हाडांच्या बंद नळीत रक्त साकळते आणि रज्जू चेपतो. अशा वेळी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन नकोच. ते रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्सचे काम मंदावते.

एक्स-रेत ही साकळलेल्या रक्ताची गाठ दिसत नाही, एमआरआयच लागतो आणि तो पूर्ण मणक्याचा. पाय गेले म्हणून फक्त कमरेचा काढतात, तो नॉर्मल येतो आणि गाठ वर मानेशी बसलेली असते! दुसरी चूक त्याहून घातक. मानेतल्या गाठीने कधी एकाच बाजूचे हातपाय लुळे पडतात आणि अर्धांगवायू समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले जाते. मान दुखते आहे आणि तोंड वाकडे झालेले नाही, तर आधी मानेचा एमआरआय.

वॉर्फरिन किंवा असिनोकूमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश देतात, पण त्याचा गुण यायला कित्येक तास लागतात. प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकांचे इंजेक्शन, काही मिनिटांत काम करते. ते नसेल तर गोठवून ठेवलेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग), वजनाच्या किलोमागे सुमारे १५ मिलिलिटर. तो वितळवण्यात वेळ जातो आणि कमजोर हृदयाला एवढे पाणी झेपत नाही. रक्त पातळ करणाऱ्या नव्या प्रकारच्या गोळ्यांचा परिणाम आयएनआरवर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीवर) नीट कळत नाही. म्हणून गोळ्यांची पट्टी सोबत न्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा.

शस्त्रक्रियेत रुग्णाला पालथे झोपवतात, पण पोट मोकळे लोंबते ठेवतात. ते दाबले तर नीला फुगून रक्त थांबत नाही. कोणता मणका ते क्ष-किरणावर मोजून मागची कमान काढतात, काळपट जेलीसारखी गाठ खेचून घेतात, सलाईनने धुतात, एक-दोन दिवस ड्रेन (साचणारे रक्त बाहेर काढणारी नळी) ठेवतात. पायांतली ताकद पूर्ण गेली असेल तर हे १२ तासांच्या आत व्हावे, थोडी शिल्लक असेल तरी ४८ तासांपलीकडे जाऊ नये. त्याआधी जितके लवकर तितके बरे. ताकद आपोआप भराभर परतत असेल तर थांबता येते, पण ऑपरेशन होऊ शकेल अशाच रुग्णालयात, तासातासाला पाय तपासत. ऑपरेशननंतरही तेच: ड्रेन तुंबला, कळ परत आली, हलणारा अंगठा हलेनासा झाला, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये.

घरी नेल्यावर जीव खाते ते मूत्राशय आणि कातडी. लघवीची पिशवी महिनोन्‌महिने लावून ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढावी, एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त साचू नये. दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात पाहाव्यात. दाबल्यावर फिका न पडणारा लाल डाग म्हणजे बेडसोरची सुरुवात. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी कधीच लावू नये. फोड येईपर्यंत त्याला भाजल्याचे कळत नाही.

बंद केलेली पातळपणाची गोळी कायमची सोडूनही चालत नाही, हृदयात कृत्रिम झडप असेल तर तिच्यावर गुठळी बसते. पुन्हा कधी सुरू करायची तो दिवस सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञांनी मिळून ठरवावा.

आमचे मागणे एवढेच. ही गोळी लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने रुग्णाच्या खिशात मराठी कार्ड द्यावे: गोळीचे नाव, मात्रा, शेवटचा आयएनआर आणि खाली एक ओळ, ‘पाठीत अचानक कळ आणि पायांत बधिरपणा आला तर १०८ ला फोन करा, एमआरआय आणि न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा.’

– मणक्याच्या शस्त्रक्रिया आणि पुनर्वसनाचे काम करणारे डॉक्टर, परिचारिका व फिजिओथेरपिस्ट