अण्णांना पत्र : ईराच्या खोलीतला साप

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
९ मार्च २०२५

ती. अण्णांस,
मंजूचा सा. नमस्कार.

फोनवर हे सांगितलं असतं तर आईने मागून ऐकलं असतं आणि तुमचं जूनचं येणं तिथल्या तिथे रद्द झालं असतं. म्हणून हे पत्र. आधी तुम्ही एकट्याने वाचा. आईला कसं आणि किती सांगायचं, ते तुमच्यावर सोपवते.

ईराने साप पाळला आहे. खरा, जिवंत. बिनविषारी आहे, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. इथे त्याला कॉर्न स्नेक म्हणतात. सध्या जेमतेम दीड फूट, जाडी करंगळीएवढी, रंग नारिंगी, पाठीवर काळ्या कडांचे तांबूस ठिपके आणि पोटाखाली बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. मोठा झाला की चार-पाच फूट होईल. मादी आहे म्हणतात. दिवसभर वेटोळं करून पडलेली असते, म्हणून ईराने तिचं नाव चकली ठेवलंय. आईने पाठवलेला चकल्यांचा डबा त्याच आठवड्यात आला होता, तेव्हा थोडा दोष तिचाही.

कुत्रा का नाही, हे तुम्ही विचारणारच. ईराची ॲलर्जी तुम्हाला ठाऊक आहे. मांजर असलेल्या घरी जाऊन आली की रात्री पंप काढावा लागतो. मासे झाले, ते तिला कंटाळवाणे वाटले. सापाला केस नाहीत, आवाज नाही, फिरवायला न्यायचं नाही, खाणं आठवड्यातून एकदा. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. हिशेबाने पाहिलं तर साप आमच्या घराला बरोबर बसतो. पण मी हिशेबाने पाहायला तयार नव्हते. आपल्या परड्यातल्या गडग्यातून निघालेली फुरशी, लाकडं उचलताना आधी काठीने खडखड करायची तुमची सक्त ताकीद, गणूकाकांना फुरसं डसलं ती रात्र आणि त्यांच्या हिरड्यांतून येणारं रक्त, हे सगळं डोक्यात घेऊन मी मोठी झाले. ईराच्या डोक्यात त्यातलं काहीच नाही. तिने पहिला साप रॅलेच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात काचेपलीकडे पाहिला, तोही बाजूला पाटी, माहिती आणि हसरी बाई उभी असताना.

प्रसादने तिला अट घातली होती : आधी वही भर, मग बोलू. तिने खरंच वही भरली. काय खातो, किती जगतो, कुठल्या तापमानाला आजारी पडतो, सगळं. ‘किती जगतो’ या पानावर आम्ही बराच वेळ थांबलो. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं. म्हणजे ईरा एकोणतीस वर्षांची होईपर्यंत. कॉलेजला दूर गेली तर कोण बघणार? प्रसादने हात वर केला. मी केला नाही, हेही वहीत नोंदवलं गेलं.

साप स्वस्त, त्याचा संसार महाग. सापाच्या कितीतरी पट पैसे काचेच्या पेटीला, खालून ऊब देणाऱ्या पट्टीला आणि थर्मोस्टॅटला गेले. थर्मोस्टॅटवर मात्र मी अडून बसले. त्याच्याशिवाय पट्टी तापत जाते, आणि ऊब आवडते म्हणून साप तिथेच पडून भाजतो. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीच्या एका टोकाला साधारण २९-३० अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २४, आणि दोन्हीकडे लपायला एकेक बीळ. एकच बीळ ठेवलं तर ऊब हवी की आडोसा, यातलं एक त्याला निवडावं लागतं, असं ईराने मला समजावलं. झाकणाला चार बाजूंनी क्लिपा आहेत. हा साप पळून जाण्यात पटाईत. डोकं शिरलं की सगळं अंग शिरतं. रात्री झोपण्यापूर्वी क्लिपा तपासायचं काम माझं. ते कुणी मला दिलेलं नाही, मीच घेतलंय.

आता खाण्याचं. हा भाग आईला वाचून दाखवू नका. चकली उंदीर खाते. सध्या अंगावर केसही न आलेली पिल्लं, जी इथे दुकानात गोठवलेली मिळतात. त्यांच्यासाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर घेतलाय. घरातल्या फ्रीजरमध्ये खवलेला नारळ आणि सुरमईच आहे, याची मी जातीने खात्री देते. पिल्लू पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचं, नीट उबलं की चिमट्याने तिच्यापुढे धरायचं. ती झडप घालते, दोन-तीन वेटोळी आवळते (मेलेल्यालाच, पण सवय ती सवय) आणि मग डोक्याकडून सावकाश गिळते. जिवंत उंदीर देत नाहीत, कारण घाबरलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो. खाल्ल्यावर दोन दिवस तिला हात लावायचा नाही, नाहीतर ओकते. मोठी झाली की दहा-चौदा दिवसांतून एकदा खाईल. ईरा हे सगळं नाक न मुरडता करते. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते.

पहिल्या दिवशी घरी आणलं तेव्हा तिने ईराच्या बोटावर तोंड मारलं. शेपटी थरथरवत होती, मान आखडून इंग्रजी एससारखी झाली होती. मला वाटलं, संपलं, आता रडारड. ईरा म्हणाली, “ती घाबरलीय. मी केवढी आहे बघ ना तिच्यापुढे.” बोटावर सुईने टोचल्याएवढीही खूण नव्हती. मग आठवडाभर कुणी हात लावला नाही. नंतर रोज थोडा वेळ. आता ती बोटांमधून शांतपणे फिरते, जीभ बाहेर-आत करत वास घेते.

एकदा ईराने बाबाला विचारलं, “तिला मी आवडते का?” प्रसादने काही गोड उत्तर दिलं असतं तर मला चाललं असतं. तो म्हणाला, “नाही. तुझी भीती वाटेनाशी झालीय, एवढंच. सापाला आवडणं वगैरे जमत असेल असं मला वाटत नाही.” मी डोळे वटारले. ईरा थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “ठीक आहे, मला ती आवडते.” आणि पाण्याची वाटी धुवायला घेऊन गेली. अण्णा, मला तेव्हापासून या सापाबद्दल तक्रार उरलेली नाही. भीती आहे, ती वेगळी.

एका गोष्टीबद्दल मात्र तक्रार आहे. चकली आम्ही एका बाईंकडून घेतली, त्या घरीच पैदास करतात. त्याआधी एका सरड्या-सापांच्या बाजारात गेलो होतो. मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, आणि दह्याच्या कपाएवढ्या प्लास्टिकच्या डब्यांत साप, झाकणावर किंमत. पांढरे, पिवळे, पट्ट्यांचे, बिनपट्ट्यांचे. रंगासाठी जुळवून जुळवून पैदास केलेले. अजगराच्या एका जातीत तर ज्या जनुकाने सुंदर नक्षी येते, त्यानेच डोकं लटपटतं आणि तोल जातो. हे ठाऊक असूनही तो विकला जातो, घेतलाही जातो. ईराला त्यातलाच एक हवा होता. तो उलटा होऊन पडत होता ते दिसल्यावर तिने स्वतःच नको म्हटलं. आम्ही साध्या, जंगलात दिसतो त्याच रंगाच्या सापावर आलो.

जंगलात म्हणजे इथल्याच. हा साप या भागातलाच, आमच्या मागच्या झाडीतही निघू शकतो. आणि इथे त्याची तीच गत आहे जी आपल्याकडे कवड्याची. कवड्या मण्यारीसारखा दिसतो म्हणून मार खातो. हा कॉपरहेडसारखा दिसतो म्हणून फावड्याखाली जातो. नॉर्थ कॅरोलिनात विषारी सापांच्या सहाच जाती, त्यांत माणसाच्या वाटेला सगळ्यात जास्त येतो तो कॉपरहेड. शेजारच्या आजोबांनी मागच्या उन्हाळ्यात “कॉपरहेड मारला” म्हणून फोटो दाखवला, तेव्हा ईराने तो बघून सांगितलं की हा कॉर्न स्नेक आहे. पाठीवरचे ठिपके कसे वेगळे, तेही दाखवलं. आजोबांना फारसं आवडलं नाही.

आपल्याकडे असं पाळता येत नाही, हेही तिला सांगून ठेवलंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे साधी धामणही घरात ठेवली तर गुन्हा. ते योग्यच आहे. मांडुळांची तस्करी कशी चालते ते आपण पेपरात वाचतोच. पण १९८० साली पुण्यात ७२ तास ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत राहिलेल्या नीलिमकुमार खैरेंची गोष्ट तुम्ही आम्हाला किती रंगवून सांगायचात! ती मी ईराला सांगितली. आता तिला कात्रजचं सर्पोद्यान बघायचंय. पुढच्या भारतभेटीच्या यादीत ते तुमच्या घराच्याही वर आहे, राग मानू नका.

आता कामाचं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून इथले डॉक्टर पाच वर्षांखालची मुलं आणि पासष्टीपुढची माणसं यांना जपायला सांगतात. तुम्ही दोघं पासष्टीपुढचे. चकलीला हात लावायचा नाही, लावलाच तर साबणाने स्वच्छ धुवायचा. तिची वाटी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायची नाही, हा नियम आधीच आहे. पेटी ईराच्या खोलीत असते. तुमची खोली खाली आहे आणि मधे जिना आहे. ईराच्या खोलीचं दार बंद असेल.

आंब्याचा हंगाम उरकून येताय, म्हणजे २९ जुलैची नागपंचमी इथेच होणार. आई पाटावर नाग काढेल, दिंड करेल, सगळं करू दे. फक्त दुधाची वाटी घेऊन जिना चढू नये, एवढं तिला तुम्ही समजवा. सापाला दूध पचत नाही. माझं ती ऐकणार नाही. तुम्ही शाळेत हेच शिकवायचात, आणि घरी आई वारुळाला दूध घालून यायची तेव्हा काही बोलायचा नाहीत. या वेळी बोला.

कोकम, कुळथाचं पीठ आणि माझा जुना चष्मा तेवढा आठवणीने आणा. तिकिटं प्रसादने मेलवर पाठवली आहेत. दादाकडून छापून घ्या.

ईरा तुमच्यासाठी प्रश्न लिहून ठेवते आहे. सगळ्यात वरचा असा : फुरसं चिडलं की अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज काढतं, हे तिने वाचलंय. तुम्ही तो प्रत्यक्ष ऐकलाय का, आणि किती लांबून? उत्तर मला न कळवता थेट तिलाच लिहा.

तुमची,
मंजू