सोनारकाकांना, शकुंतलेच्या वाघिणीबद्दल

काकाजी, नमस्कार.

शकुंतला रेल्वेच्या वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, छोटं मॉडेल पूर्ण झालं. आभार मानायला दुकानात आलो की तुम्ही हातानंच उडवून लावता, म्हणून हे चारचौघांत लिहितो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपली शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी रेल्वे, रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, असलेल्या मार्गावर धावायची. तिची लोखंडी मालवाघीण मी ८७ पट लहान करत होतो. या मापात रुळांमधलं अंतर पावणेनऊ मिलिमीटर येतं, त्यामुळे एन गेज या मॉडेलगाड्यांच्या मापाचे ९ मिलिमीटरचे तयार रूळ आणि चाकं चालून जातात. तेवढंच विकत आणलं, बाकी सगळं हातानं. डब्याचं अंग प्लास्टिकच्या शीटचं केलं. अडलं ते रिव्हेटांपाशी आणि आस धरणाऱ्या पितळी पट्ट्यांपाशी.

खऱ्या वाघिणीवरचा रिव्हेट या मापात जेमतेम पाव मिलिमीटरचा होतो. दारव्ह्याच्या बाजारात ऐन लग्नसराईत मी हा प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा राहिलो. दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं. तुम्ही भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणालात, "हे तं नथीपेक्षाही बारीक काम हाये लेका. आन इकडे."

मग पातळ पितळी पत्रा शिशाच्या लादीवर उलटा ठेवून बोथट ठशानं एकेक टिंब उठवायला शिकवलंत. घाव हलका हवा, आणि प्रत्येक वेळी तेवढाच. ओळ सरळ राहावी म्हणून आधी पट्टी लावून रेघ ओढायची. ती रांग डब्याच्या कोपऱ्यावर चिकटवली आणि प्लास्टिकचं खोकं एकदम लोखंडाचं वाटायला लागलं.

पट्ट्यांच्या बाबतीत तर तुमची सोनारकी पुरती कामाला आली. एक सांधा जोडायला गेलं की शेजारचा सुटायचा. तुम्ही पहिल्या सांध्याला टाकणखार लावून चांदीचा कडक डाख, म्हणजे वितळवून सांधा जोडणारा धातू, दिलात, दुसऱ्याला कथिलाचा नरम. नरम डाख कमी आचेवर वितळतो, तोवर कडक हलत नाही. तिसऱ्या सांध्याच्या वेळी आधीच्या दोन्हींवर ओला कापूस ठेवलात. वाघीण कापसाच्या गाठींची, हे तेव्हा तुमच्या लक्षात होतं की नाही देव जाणे! शेवटी चिंचेच्या पाण्यात घासून पितळ लख्ख केलंत, म्हणून रंग धरला.

रंग रेड ऑक्साइडचा, वरून काजळीचा हलका हात. १९९४ला डिझेल आलं, माझी वाघीण त्याच्या आधीची, वाफेच्या इंजिनामागची आहे. दाराच्या खाचेत कापसाचे दोन तंतू अडकवलेत; ते भिंगातूनच दिसतील, म्हणजे तुम्हालाच.

आता ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, करायला घेतोय. तिच्या कठड्याला केसाएवढी तार ओढून लागेल. पितृपक्षात दुकान रिकामं असतं, तेव्हा येतो. या खेपेला मजुरी घ्यावी लागेल, नाहीतर काकूंच्या हातात देऊन जाईन.

तुमचा,
गाडीवाला पोरगा