मशीन तिसऱ्या मालकाकडे, रिकॉलचं पत्र पहिल्याच्या पत्त्यावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालुक्यातल्या नव्या सीटी स्कॅन सेंटरच्या उद्घाटनाचा फोटो आपल्या दैनिकात पाहिला. आनंदच झाला. डोक्याला मार लागलेला पेशंट घेऊन धुळ्याला पळापळ करणारे नातेवाईक मी नोकरीभर पाहिले आहेत. फोटोत नारळ होता, फीत होती, आमदारसाहेब होते. मशीन जुनं की नवं, हे मात्र बातमीत कुठेच नव्हतं आणि मला तेवढंच वाचायचं होतं.

आपल्या खान्देशात एक्स-रे, सोनोग्राफी, सीटीची कितीतरी मशीन्स सेकंडहँड येतात. त्यात गैर काही नाही. नवं घेण्याची ऐपत प्रत्येक डॉक्टरची नसते. निवृत्तीनंतर मी एका खासगी सेंटरला मदतीला जात असे (नाव लिहीत नाही). तिथलं एक्स-रे मशीन मुंबईच्या कुठल्याशा हॉस्पिटलातून सुरतच्या दलालाकडे आणि तिथून इकडे आलेलं. मॉडेल आणि सिरियल नंबरची पत्र्याची पाटी असते ना, तिच्यावरही दलालाने क्रीम रंगाचा स्प्रे मारून दिलेला. ट्यूब हेड (क्ष-किरण सोडणारा, पेशंटच्या वर टांगलेला जड भाग) वर-खाली करताना लॉक घसरायचं. एकदा दुसऱ्याच कामाला आलेल्या सर्व्हिस इंजिनिअरने मागचं कव्हर उघडलं. हेड ज्यावर तोललेलं असतं त्या वायर रोपचे तंतू सुटून बाहेर आले होते, त्याच्या बोटालाच टोचले. म्हणाला, "काका, या मॉडेलचा रोप बदलून द्यायचं पत्र कंपनीने कधीचंच काढलंय. तुम्हाला नाही आलं?"

येणार कसं? पत्र पहिल्या मालकाला गेलं. त्याने मशीन विकलेलं, त्याच्या लेखी विषय संपला. आणि त्या हेडखाली तोवर कोण कोण झोपून गेलं असेल! केळीच्या ट्रकवरून पडलेले हमाल, कंबर मोडलेल्या म्हाताऱ्या, लहान पोरं.

कंपनीच्या अशा पत्राला रिकॉल म्हणतात. रिकॉल म्हटलं की लोकांना वाटतं, कंपनी टेम्पो पाठवून मशीन परत नेते. बहुतेक वेळा तसं नसतं. इंजिनिअर येऊन एखादा भाग बदलतो, सॉफ्टवेअर सुधारतो, किंवा "तपासणी होईपर्यंत वापरू नका" एवढी लेखी सूचना येते. अशा सूचना कशामुळे निघतात, त्याची कल्पना दोन घटनांवरून येईल. जून 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात माजी सैनिकांच्या रुग्णालयात गॅमा कॅमेऱ्याचा (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी औषधाचं चित्र टिपणाऱ्या मशीनचा) भाग रुग्णावर कोसळला आणि तो दगावला. मग बोल्ट तपासून होईपर्यंत तशी मशीन्स बंद ठेवण्याची सूचना निघाली. दुसरी घटना आपल्याकडची. नोव्हेंबर 2014 मध्ये खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर एमआरआयने खेचून घेतला आणि दोन कर्मचारी सुमारे चार तास मशीनला चिकटून राहिले. मशीनमधल्या चुंबकाची ओढ तातडीने बंद करायचं बटण चाललंच नाही. 2015 च्या सुरुवातीला त्या बनावटीच्या एमआरआयसाठी अमेरिकेत सर्वात गंभीर वर्गातला रिकॉल जाहीर झाला: बटणाची जोडणी शाबूत आहे का, ते तपासा.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. वैद्यकीय उपकरण नियम 2017 प्रमाणे धोका लक्षात आल्याबरोबर उत्पादकाने किंवा त्याच्या भारतातल्या अधिकृत एजंटाने रिकॉल सुरू करायचा आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवायचं. पण मशीन आज कोणत्या गल्लीत आहे, हे त्या एजंटाला कोण सांगणार?

गंमत अशी की सरकारला ते ठाऊक असतं. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे जिल्ह्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंद त्या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे करावी लागते. ते जागेवरून हलवायचं तरी कळवावं लागतं. एक्स-रे आणि सीटीची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाच्या 'ई-लोरा' पोर्टलवर करावी लागते. गाडीचा चेसिस नंबर टाकला की रिकॉल आहे का ते घरबसल्या कळतं. मग या याद्या रिकॉलच्या सूचनांशी का जुळवून पाहू नयेत? एक्स-रे मशीनचं दर दोन वर्षांनी क्यूए (गुणवत्ता तपासणी) होतं, पण मी हाताळलेल्या एकाही अहवालात "कंपनीची सूचना बाकी आहे का" असा रकाना नव्हता. एमआरआयमधून क्ष-किरण निघत नाहीत म्हणून तो त्या मंडळाच्या कक्षेतच येत नाही. त्याची वेगळी यादी अन्न व औषध प्रशासनाने करावी.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयांनी रिकॉलच्या सूचना मॉडेलवार, मराठीत, फलकावर लावाव्यात. आपल्या दैनिकानेही त्या छापाव्यात.

डॉक्टर मंडळींनी सरकारची वाट पाहत बसू नये. मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला मेल टाकावा, आपण आता मालक आहोत हे कळवावं आणि "या मशीनवर काही सूचना बाकी आहे का" याचं लेखी उत्तर मागावं. एएमसी (वार्षिक देखभालीचं काम) बाहेरच्या माणसाला दिली असेल तरी मेल कंपनीलाच टाकावा. बाहेरच्या मेकॅनिकला ही पत्रं येत नाहीत.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, अमळनेर