नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र: घर पाडण्याआधीचे पंधरा दिवस

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

राज्यातल्या सगळ्या महापालिका, नगरपालिका तुमच्या खात्याखाली येतात म्हणून हे पत्र थेट तुम्हालाच लिहितोय. विषय आरोपींच्या घरांवर फिरणाऱ्या बुलडोझरचा आहे.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, खंडपीठ न्या. भूषण गवई (आपल्या अमरावतीचे) आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांचं. कोर्टाने स्पष्ट सांगितलं की एखाद्यावर गुन्हा दाखल झालाय, अगदी तो कोर्टात सिद्ध झाला तरी, तेवढ्या कारणावरून सरकार त्याचं घर पाडू शकत नाही. दोषी कोण हे ठरवणं कोर्टाचं काम, आणि त्या घरात म्हातारे आईवडील, बायको, लहान पोरं राहतात त्यांना कशाची शिक्षा?

बांधकाम खरंच बेकायदा असेल तर काय करायचं तेही लिहून दिलंय. आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस, शिवाय तीच नोटीस घरावर चिकटवायची, पंधरा दिवस द्यायचे, मालकाचं म्हणणं समक्ष ऐकायचं, आणि ऑर्डरमध्ये लिहायचं की दंड भरून नियमित करणं किंवा तेवढाच भाग काढणं का चालत नाही, सगळं पाडणं हाच उपाय का. त्यानंतरही अजून पंधरा दिवस, म्हणजे माणसाला कोर्टात जाता येईल नाहीतर स्वतःच ते काढता येईल. पाडकामाचं व्हिडिओ शूटिंग करायचं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते कलेक्टर ऑफिसच्या ईमेलचं. नोटीस बजावली की लगेच तिथे मेल करायचा आणि पोच आपोआप परत यायची, म्हणजे नंतर मागची तारीख टाकून नोटीस तयार करता येणार नाही. कोर्टाला आपली ऑफिसं कशी चालतात ते पक्कं माहितीय साहेब.

आता नागपूर. हिंसाचार १७ मार्च २०२५ ला झाला आणि एका आरोपीच्या घरावर बुलडोझर गेला २४ मार्चला, आणि घर होतं त्याच्या आईच्या नावावर. सात दिवसांत पंधरा अधिक पंधरा दिवस कसे बसतात हे कुणीतरी मला समजावून सांगा. त्याच दिवशी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्टे दिला पण तोपर्यंत ते घर गेलं होतं, दुसऱ्या एका आरोपीच्या घराचं पाडकाम तेवढं मध्येच थांबलं. पुढे महापालिका आयुक्तांनी कोर्टात बिनशर्त माफी मागितली आणि सांगितलं काय, तर सुप्रीम कोर्टाच्या या सूचना अधिकाऱ्यांना माहीतच नव्हत्या. निकालात तर सगळ्या राज्य सरकारांनी परिपत्रक काढावं असं म्हटलंय, नोटिसा आणि ऑर्डर टाकायला तीन महिन्यांत पोर्टल (वेबसाइट) करा असंही म्हटलंय, आणि ती मुदत फेब्रुवारीतच संपली होती. मग ते परिपत्रक नागपुरात चार महिने का पोचलं नाही? हा प्रश्न आयुक्तांइतकाच तुमच्या खात्याचा आहे.

त्याच्या महिनाभर आधी मालवणला तसंच झालं. क्रिकेट मॅचच्या वेळी घोषणा दिल्याचा आरोप आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाचं भंगाराचं दुकान जमीनदोस्त, त्यावर कोर्टाच्या अवमानाच्या याचिकेत सुप्रीम कोर्टाने नोटीसही काढली.

बेकायदा बांधकामं पाडू नका असं मी म्हणत नाहीये, उलट पाडाच. रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाइनच्या कडेला, नदी-तलावात बांधलेलं असेल तर हा निकाल तिथे लागूच नाही, आणि कोर्टाचाच आदेश असेल तिथेही नाही. पण वरळीच्या कॅम्पा कोला सोसायटीत बेकायदा मजल्यांचं प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं, नोव्हेंबर २०१३ मध्ये गेटपर्यंत बुलडोझर आल्यावर सुप्रीम कोर्टाने स्वतःहून ३१ मे २०१४ पर्यंत मुदत दिली. त्या रहिवाशांना ऐकून घेतलं ते बरोबरच झालं, मग तेवढंच मालवणच्या भंगारवाल्याला का नाही? मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांच्या केसमध्ये तर १९८५ सालीच सुप्रीम कोर्टाचं घटनापीठ म्हणालं होतं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि त्या केसमधली माणसं शहरातली सगळ्यात गरीब माणसं होती.

सरकार निवडून आलेलं आहे, लोकांनी मतं दिलीत, सगळं मान्य. पण पोलिसांनी नाव घेतलं, महापालिकेने घर पाडलं आणि कोर्टाची पाळी नंतर आली असा क्रम राज्यघटनेत कुठेही नाही, मत देताना आम्ही तो अधिकार कुणालाच दिलेला नाही.

तर साहेब, तीन गोष्टी करा. त्या सूचना सोप्या मराठीत प्रत्येक महापालिका-नगरपंचायतीच्या अतिक्रमण विभागात भिंतीवर लावा आणि पाडकामाच्या प्रत्येक नोटिशीच्या मागे छापा. पोर्टल सगळ्यांना बघता येईल असं चालू ठेवा. आणि नियम मोडून पाडलेलं संबंधित अधिकाऱ्याच्या खर्चाने उभं करून द्यायचं, वर नुकसानभरपाई, असं निकालात लिहिलंय, तर नागपूर आणि मालवणच्या बाबतीत ही वसुली कोणाकडून करणार ते विधानसभेत जाहीर करा.

आपला,
एक मतदार