‘नॉर्मल आहे’ म्हणून गाडी परत पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बस चालवण्यात माझी उभी हयात गेली. खानापूर, जांबोटी, चोर्ला हा रस्ता पायाखालचा आहे. म्हणूनच गाडीच्या ब्रेकबद्दल लिहितोय.

गेल्या श्रावणात मुलाची हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटार दोन्ही असलेली) गाडी घेऊन मी आणि मंडळी साखळीला व्याह्यांकडे निघालो होतो. कणकुंबी मागे पडली, घाटाचा उतार लागला, पाऊस पिरपिरत होता. वळणावर पुढच्या टिप्परने वेग कमी केला म्हणून मी ब्रेक दाबला. गाडी मंदावत असतानाच डावे चाक खड्ड्यात आदळले आणि ब्रेक सुटल्यासारखा झाला. पाय पेडलवर तसाच होता, तरी गाडी मोकळी होऊन पुढे गेली. सेकंदभरही नसेल, पण टिप्परच्या फाळक्यावरचा चिखल थेट काचेसमोर आला, तेव्हा कुठे ब्रेक लागला. मंडळींच्या मांडीवरचा लाडवांचा डबा खाली पडला होता.

वर्कशॉपमध्ये दोनदा गेलो. कॉम्प्युटर जोडून सांगितले, ‘एरर कोड नाही काका, हायब्रीडला असंच असतं.’ जॉबकार्डावर लिहिले ‘जनरल चेकअप’. ब्रेकचा शब्दही नाही!

या गाडीत पेडल दाबल्यावर आधी विजेची मोटार उलट काम करून वेग कमी करते आणि बॅटरी चार्ज करते; जोर लागेल तसे तेलाचे ब्रेक साथीला येतात. चाक घसरले किंवा उसळले की मोटारीचा ब्रेक निघतो आणि सगळा भार तेलाच्या ब्रेकवर येतो. ही अदलाबदल चुकली तर मधे पोकळी पडते. लांब उतारावर बॅटरी भरली की पेडलचा अंदाज थोडा बदलतो, तो दोष नव्हे, हे मीही मानतो. पण खड्ड्यात ब्रेक सुटणे वेगळे.

२०१० साली अमेरिकेत टोयोटा प्रियसबद्दल (माझी गाडी ती नव्हे) अशाच १२४ तक्रारी तिथल्या वाहन सुरक्षा खात्याकडे जमल्या आणि चौकशी लागली. काही दिवसांतच कंपनीने ब्रेकचे सॉफ्टवेअर बदलायला जगभरातून चार लाखांवर गाड्या परत बोलावल्या. तक्रारी वर्कशॉपच्या काउंटरवरच विरल्या असत्या तर?

आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सॉफ्टवेअरचा दोष असला तरी सरकार कंपनीला ती परत बोलवायला लावू शकते. दंड एक कोटीपर्यंत आहे. पण मालकांच्या बाजूने त्यासाठी ठरावीक प्रमाणात तक्रारी लागतात, आणि त्या केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदवाव्या लागतात. गाडी केए-२२ (बेळगावची) असो की एमएच-०९ (कोल्हापूरची), जागा एकच. वर्कशॉपमध्ये घातलेला वाद त्यात मोजला जात नाही.

माझी तक्रार लेकीने भरून दिली. तारीख, किलोमीटर, वेग, ओला रस्ता, खड्डा, पाय कुठे होता, सगळे लिहिले. तिसऱ्या खेपेला अडून बसलो आणि जॉबकार्डावर ‘खड्ड्यात ब्रेक सुटतो’ असे लिहून घेतले, त्याचा फोटोही जपून ठेवला आहे.

निपाणीच्या एका गृहस्थांना तवंदी घाटात हाच अनुभव आला, असे त्यांनी मला एका लग्नात सांगितले. त्यांनी अजून काही नोंदवलेले नव्हते. हे पत्र त्यांच्या नजरेस पडले, तर त्यांनी आज संध्याकाळीच ते काम उरकावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त बसचालक, ता. खानापूर