आईची नाडी

पुणे,
रविवार

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, म्हणाल. फोनवर आई "बरी आहे गं मी" म्हणते आणि दुसऱ्या वाक्याला हळदीच्या भावावर येते. बाबांकडे फोन गेला की "तू काळजी करू नकोस" एवढंच. म्हणून लिहिते आहे. बाबा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा. पाळीबिळीचे शब्द येतील, ते गाळू नका.

गेल्या महिन्यात आले होते तेव्हाची गोष्ट. आई ओट्याशी मेथी निवडत होती. मधेच जुडी हातात तशीच राहिली, दुसरा तळहात छातीवर गेला. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही, तीच ती जुनी धडधड. पाळी जाताना व्हायची ती." मी मनगट धरलं. आई, तू हात सोडवून घेतलास आणि मेथीची देठं मोजल्यासारखी खाली बघत बसलीस. तेवढ्या अर्ध्या मिनिटात माझ्या बोटांना जे लागलं, ते मला गाडीत बसल्यावरही विसरता येईना.

मला नाडी बघायला कुणी शिकवलं? माझ्याच धडधडीनं. तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. वर्षभर झालं, रात्री अडीच-तीनला दचकून जाग यायची. छातीत कुणी उखळ लावलंय असं. कानाच्या पाळ्यांपासून गळ्यापर्यंत आग, मग घाम, मग थंडी वाजून पांघरूण शोधायचं. कधी एखादा ठोका गेलाच, आणि पुढचा धाडकन आला. पहिल्यांदा वाटलं, संपलं सगळं. ह्यांना उठवलं नाही. ओट्यापाशी जाऊन नळाखाली मनगटं धरली, आणि तिथंच मला तू आठवलीस.

मी कॉलेजला होते तेव्हा. रात्री पाणी प्यायला उठले तर तू अंधारात ओट्याला टेकून उभी, नळ बारीक सोडलेला, दोन्ही मनगटं धारेखाली. "उकडतंय" म्हणालीस. डिसेंबर होता. पुढं आत्यानं गॅस म्हटलं, आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. आणि बाबा, तुम्ही म्हणालात, "विचार कमी करत जा." राग मानू नका. मीसुद्धा काही विचारलं नाही, पाणी पिऊन झोपायला गेले.

माझ्या डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. पाळी थांबायच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या अंगातलं पाळीचं हॉर्मोन, सरळ उतरत नाही, हिंदकळत उतरतं. हृदयाची गती सांभाळणाऱ्या नसा आणि शरीराचं तापमान सांभाळणारी मेंदूतली जागा, दोन्हींवर त्याचा हात असतो. तो हात सुटला की अंगाला उगाचच उकाडा वाटतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि हृदय पळायला लागतं. ठोका गेला असं वाटतं तेव्हा बहुतेकदा तो गेलेला नसतो, वेळेआधी येऊन गेलेला असतो. नंतर जरा थांबा येतो आणि पुढचा जोरात लागतो.

पण "मेनोपॉज आहे" म्हणून बाईंनी घरी पाठवलं नाही, हे मला आवडलं. आधी ईसीजी, मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि शेवटी होल्टर. ती एक डबी असते, छातीला वायरी चिकटवून चोवीस तास कमरेला लटकवायची. आंघोळ बंद. सोबत वहीत लिहायचं, कधी काय केलं, कधी काय वाटलं. मी लिहिलं : "११.१० जिना चढले. ४.३० चहा. ७.०० चिरंजीवांशी भांडण. रात्री २.४० धडधड, पंखा वाढवला." यंत्रानं २.४० ला नाडी ११८ दाखवली, पण ठेका अगदी सरळ. दिवसभरात थोडे जास्तीचे ठोके, काळजीचे नव्हेत. सापडलं ते वेगळंच. हिमोग्लोबिन ९.४. पाळी जाता जाता अंगावरून भरपूर जात होतं आणि मी पॅड बदलत कामाला पळत होते. रक्त कमी असलं तरी हृदय धावतंच. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, संध्याकाळची कॉफी बंद. हॉर्मोनच्या गोळ्यांचं विचारलं, तर सगळं तपासून, लागलंच तर बघू म्हणाल्या. आता रात्री बऱ्या जातात.

तर माझं हे असं. आई, तुझं हे नाही.

तुझी पाळी जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. त्र्याहत्तराव्या वर्षी आलेल्या धडधडीला ते जुनं नाव लावू नकोस. बाबा, आता तुमच्या भाषेत सांगते. तुम्ही उरसात मिरजेला दर्ग्यात रात्ररात्र गाणं ऐकलंय. तबलजीची एखादी मात्रा इकडेतिकडे झाली तरी सम सापडते ना? माझी नाडी तशी होती. आईच्या नाडीला समच नव्हती. दोन ठोके घाईत, मग थांबा, मग एक, मग तीन, कशाचा कशाला मेळ नाही.

आणि ते बीपीचं मशीन! त्यात मोजून झाल्यावरही हृदयाचं चिन्ह लुकलुकतं म्हणून तुम्ही दोनदा सेल बदललेत. सेल चांगले आहेत, बाबा. नाडी अनियमित लागली की ते चिन्ह येतं. माहितीपत्रक कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, बघा.

मला शंका आहे ती एट्रियल फिब्रिलेशनची. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. रक्त तिथं साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली तर लकवा. हे असलं की लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. घाबरवायला लिहीत नाही, यावर औषध आहे म्हणून लिहिते. रक्त पातळ ठेवायची गोळी डॉक्टर तपासून देतात. शेजारच्या काकांची ॲस्पिरिन मनानं सुरू करायची नाही, तिनं हे काम होत नाही. माझी शंका खोटीही ठरेल. एका ईसीजीचं काम आहे. आणि हे येतं-जातं, त्यामुळे पहिला ईसीजी चांगला आला तरी "बघ, काही नव्हतं" म्हणून विषय मिटवायचा नाही.

मी शुक्रवारी रात्री निघते, शनिवारी सकाळी मिरजेला दाखवू. तोवर बाबा, रोज सकाळी आईचं मनगट धरा. अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, अनियमित नाडीत तो हिशेब चुकतो. आकडा आणि ठेका सरळ की वेडावाकडा, एवढं कॅलेंडरवर लिहा. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडली, तोंड वाकडं झालं किंवा हाताची शक्ती गेली, तर माझी वाट बघायची नाही. १०८.

आई, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घे, आणि समोरून उघडणारा ब्लाउज घाल, ईसीजीला बरं पडतं. "उगाच पैसे घालवायला आलीस का" असं शनिवारी म्हणायचं नाही.

आणखी एक. बाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "आईची पाळी कितव्या वर्षी थांबली?" मला सांगता आलं नाही. पाकिटात माझा पत्ता घातलेलं कार्ड आहे. त्यावर तेवढा आकडाच लिही, म्हणजे पोस्टमनला काही कळणार नाही. आणि त्या रात्री किती दिवस चालल्या होत्या, ते मी आल्यावर सांग.

तुमची,
ताई