माशांची बेल

उट्रेख्त, नेदरलँड्स, 12 एप्रिल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. थंडी सरली, मी छान आहे, आणि हो, दोन्ही वेळा जेवते.

बाबा, रात्री बारापर्यंत ऑनलाइन काय करतेस, असं विचारलंत. मासे बघते. हसू नका, इथे निम्मं गाव हेच करतं.

गावातल्या कालव्यावर वेर्डस्लाउस नावाचं जुनं जलद्वार आहे. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या उथळ पाण्याकडे निघतात, कारण ते पाणी आधी तापतं. आपले चढणीचे मासे मिरगाच्या पावसात शेतात शिरतात ना, तसंच. फक्त इथे पावसाऐवजी ऊब त्यांना हलवते. पण या दिवसांत बोटी कमी, म्हणून दार बंद. मासे दाराशी तुंबतात आणि पाणकावळ्यांना आयतं जेवण मिळतं. म्हणून 2021 पासून पाण्याखाली कॅमेरा लावतात. मासा दिसला की चित्राखालचं बेलचं बटण दाबायचं. लगेच दार उघडत नाही हं, फक्त फोटो जातो. पुरेसे मासे जमलेले दिसले की माणूस दार उघडतो. दाराशी उभ्या माशासाठी परक्याने बेल वाजवायची!

तुम्हीही बघा. भर दिवसा मासा क्वचित. इथली पहाट साडेसहाची, म्हणजे तुमचे सकाळचे दहा, ती वेळ बरी. पाऊस पडला की नुसता हिरवट गढूळपणा दिसतो, तेव्हा सोडून द्या. वाहत्या पानाला मासा समजून बेल दाबू नका: पान पाण्याबरोबर निघून जातं, मासा प्रवाहाकडे तोंड करून शेपूट हलवत जागीच थांबतो. उभे काळे पट्टे आणि लालसर पर असले की पर्च. पाइक हा शिकारी मासा मात्र काठीसारखा निश्चल. तो बहुधा प्रवासाला कमी, जेवायला जास्त आलेला.

आई, घुबडाच्या घरट्यातल्या कॅमेऱ्याची लिंक पाठवली ते चुकलंच. पण ‘धाकट्या पिल्लाला उचलत का नाहीत’ विचारलंस म्हणून सांगते. घुबडीण पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून पिल्लं मागेपुढे जन्मतात. उंदीर भरपूर मिळाले तर सगळी जगतात, नाहीतर थोरली घास पळवतात आणि धाकटं मागे पडतं. टिट नावाची चिमुकली पक्षीण याच्या उलट: रोज एक अंडं घालते, पिसांनी झाकते, आणि साधारण सगळी झाल्यावरच बसते, मग पिल्लं जवळपास एकदमच बाहेर. कॅमेरावाले मध्ये हात घालत नाहीत. निष्ठुर वाटतं, मला पटतं. आणि रात्रीचा तो दिवा इन्फ्रारेड असतो, पक्ष्यांना दिसत नाही; तू उगाच काळजी करतेस.

5 तारखेला पन्नास हजार पाठवलेत. त्यातून कौलं पावसाआधी बदलून घ्या. मोतीबिंदूचे वेगळे पाठवते, त्यात हात घालू नका. कुडाळच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. आधी फोनवर बोलू दे, तोवर मामांना शब्द देऊ नका. गणपतीला यायचं बघते आहे, पण रजेचं अजून काही खरं नाही. बाबांच्या ऑपरेशनला मी तिथे असायला हवं होतं, हे मला कळतं आई, पुन्हा लिहू नकोस. थेंब वेळेवर घाल, मी अलार्म लावून फोन करेन. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाबांना मोबाइल देऊ नकोस. मासे मे अखेरपर्यंत आहेत.

तुमची,
बाय